‘./कॉन्फिगर’ सापडत नाही: बिल्ड सिस्टीम गेली, डॉक्स मागेच राहिले

सोर्स कोडपासून प्रोग्राम बांधणारी (बिल्ड करणारी) जुनी साधनं, म्हणजे ऑटोटूल्स, काढून नवं मेसन आणलं, जुन्या फाइली उडवणारा पीआर (बदलाचा प्रस्ताव) मर्ज झाला, सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चालणारी तपासणी) हिरवं झालं. मग महिना-दोन महिन्यांत टीमच्या ग्रुपवर तेच ते प्रश्न पडायला लागतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘अरे, रीडमी अपडेट करा ना.’ रीडमी अपडेट होतो, प्रश्न काही थांबत नाहीत. हिंजवडीत बिल्ड आणि रिलीजचं काम करताना हा एकच बिघाड मी वेगवेगळ्या टीमांत इतक्यांदा दुरुस्त केलाय, की तपासणीचा क्रम आता ठरून गेलाय. तोच खाली देते. उदाहरण ऑटोटूल्सवरून मेसनवर आलेल्या सी लायब्ररीचं घेतलंय. तुमच्याकडे स्कॉन्सवरून सीमेक किंवा अँटवरून ग्रेडल असं काही असेल, तर नावं बदलतील, क्रम बहुतेक हाच राहील.

लक्षणं

- नव्या क्लोनवर ‘बॅश: ./कॉन्फिगर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. किंवा ऑटोरीकॉन्फ कॉन्फिगर.एसी फाइल मागतं.
- नुसतं ‘मेक’ मारलं की ‘नो टार्गेट्स स्पेसिफाइड अँड नो मेकफाइल फाउंड’.
- जुन्या लोकांच्या मशीनवर सगळं चालतं, नव्यांच्याच मशीनवर अडतं.
- बिल्ड होतो, पण प्रोग्राम पूर्वीपेक्षा स्पष्ट जाणवेल इतका संथ.
- बिल्ड होतो, पण एखादी सोय गायब. एसएसएल, कॉम्प्रेशन, असं काहीतरी.
- इन्स्टॉल झालं, पण दुसऱ्या प्रोजेक्टला लायब्ररी किंवा तिची .ए (स्टॅटिक) फाइल सापडत नाही.
- ‘डॉक्स अपडेट केले’ म्हणून तिकीट बंद, आणि पुढच्या बॅचच्या जॉइनिंगला तोच प्रश्न परत.

पहिली दोन लक्षणं तशी बरी. ती आरडाओरडा करतात, त्यामुळे कोणीतरी बघतंच. संथ प्रोग्राम, गायब सोय आणि हरवलेली लायब्ररी ही मंडळी गुपचूप असतात. त्यांचं मूळ डॉक्समध्ये आहे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही आणि बग दाखल होतो कोडवर.

वाचताय ते पान कुठल्या व्हर्जनचं?

सर्वांत स्वस्त तपासणी, एका मिनिटाची. डॉक्सच्या साइटवर ‘स्टेबल’ आणि ‘लेटेस्ट’ अशी दोन पानं असतात. स्टेबल म्हणजे मागचा रिलीज, लेटेस्ट म्हणजे मेन ब्रँच. गूगलवरून आलेला माणूस बहुतेकदा स्टेबलवर किंवा त्याहून जुन्या पानावर उतरतो आणि कोड मात्र मेनचा क्लोन करतो. पान बरोबर, कोडही बरोबर, जोडी चुकीची. ‘गिट डिस्क्राइब’ मारा, पानाच्या कोपऱ्यातलं व्हर्जन बघा आणि दोन्ही ताडून पाहा.

हे आधी बघायचं कारण असं की इथे जोडी चुकली असेल, तर जुनं पान ‘दुरुस्त’ करणं हीच नवी चूक ठरते. जुन्या टॅगचा कोड आजही ऑटोटूल्सनंच बिल्ड होतो, त्यामुळे त्या व्हर्जनच्या पानावर ‘./कॉन्फिगर’ असायलाच हवं. त्या पानाला हात लावू नका. वर एक ओळीची पट्टी टाका, ‘हे अमुक व्हर्जनसाठी आहे, नवीन इथे आहे’, आणि सर्च इंजिनसाठी कॅनॉनिकल लिंक नव्या पानाकडे वळवा. पान उडवण्याचा मोह टाळा. उडवलं की लोक थेट कुठल्यातरी फोरमवरच्या दहा वर्षं जुन्या उत्तराकडे जातात.

‘माझ्याकडे तर चालतंय’

तिसरं लक्षण असेल तर इथेच थांबा, कारण नव्वद टक्के वेळा उत्तर इथेच असतं. कॉलवर होणारं बोलणं साधारण असं:

‘दादा, माझ्याकडे मेकफाइलच नाहीये.’
‘नाही कशी? माझ्याकडे आहे की. हे बघ.’

दादा स्क्रीन शेअर करतात आणि मेकफाइल खरंच तिथे असते. आता त्यांना ‘एलएस -एल’ मारायला सांगा आणि फाइलची तारीख बघा. मायग्रेशनच्या आधीची निघते. ऑटोटूल्सनं कॉन्फिगर, मेकफाइल.इन आणि मेकफाइल कधीतरी तयार केल्या होत्या. त्या गिटमध्ये कधी नव्हत्याच, गिटइग्नोरमध्ये होत्या. मायग्रेशनच्या कमिटनं कॉन्फिगर.एसी आणि मेकफाइल.एएम काढल्या, पण ज्या फाइली गिटच्या ताब्यातच नाहीत त्यांना गिट हात लावत नाही. त्यामुळे दादांच्या फोल्डरमध्ये मेलेली बिल्ड सिस्टीम अजून पडून आहे. काही वेळा तर ती जुन्या फाइलींच्या यादीवरून अर्धामुर्धा बिल्डही करते. दादांना डॉक्स चुकलेत असं वाटतच नाही आणि म्हणून ते कोणी दुरुस्तही करत नाही.

तपासायला काही पुसायची गरज नाही. त्याच मशीनवर दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याच रिपोचा ताजा क्लोन काढा. क्लोनमध्ये फक्त कमिट झालेलं येतं. तिथे डॉक्समधल्या कमांड चालल्या नाहीत, तर विषय संपला.

पुसायचंच असेल तर ‘गिट क्लीन’ आहे, पण आधी ‘-एन’ लावून नुसती यादी बघा. मोठा एक्स दिला तर फक्त इग्नोर केलेल्या फाइली जातात, लहान एक्स दिला तर इग्नोर केलेल्या आणि ट्रॅक न केलेल्या दोन्ही जातात. मायग्रेशन करताना कोणी गिटइग्नोरमधल्या जुन्या ओळीही काढल्या असतील, तर मोठ्या एक्सला मेकफाइल दिसणार नाही आणि लहान एक्सच लागेल. त्यात तुमची .ईएनव्ही फाइल, एडिटरची सेटिंग्ज, टेस्टसाठी जपलेला डेटा असं सगळं जाऊ शकतं. यादी वाचल्याशिवाय ‘-एफ’ लावू नका.

तोवर एक पाटी

डॉक्स नीट व्हायला वेळ लागणार असेल, तर रिपोच्या मुळाशी कॉन्फिगर नावाची दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवता येते. ती नवी कमांड छापते आणि एक्झिट कोड 1 देऊन बाहेर पडते. ‘येथे ऑटोटूल्स मिळत नाही. मेसन सेटअप बिल्ड असे करावे.’ पुणेरी पाटीच ती, वाद घालायला जागा ठेवत नाही. एक्झिट कोड 1 महत्त्वाचा. 0 दिला तर कोणाची तरी स्क्रिप्ट खुशाल पुढे जाईल आणि तीन पायऱ्यांनंतर भलत्याच ठिकाणी फुटेल.

ही पाटी कायमची ठेवू नका. पॅकेज बनवणारी काही साधनं कॉन्फिगर नावाची एक्झिक्युटेबल फाइल दिसली की ऑटोटूल्स आहे असं गृहीत धरतात. तुमचं पॅकेज कोणी डेबियनसाठी वगैरे बांधत असेल, तर त्याला विचारल्याशिवाय ही युक्ती करूच नका.

रिपोमध्ये शोध

आता ‘गिट ग्रेप’. शोधायचे शब्द: ऑटोजेन, ऑटोरीकॉन्फ, ./कॉन्फिगर, मेक इन्स्टॉल, मेक चेक, डिस्टचेक, लिबटूल, मेकफाइल.एएम. अक्षरांचा लहान-मोठेपणा दुर्लक्षित करा आणि सबमॉड्यूल असतील तर त्यांच्यातही शोधायचा पर्याय वेगळा द्या. आपण होऊन गिट तिकडे जात नाही.

निकालांची यादी लांबलचक येते आणि इथेच घाई होते. कोणीतरी ‘सेड’ (शब्द सरसकट बदलणारी कमांड) काढतं आणि सगळीकडे ‘मेक’च्या जागी ‘निंजा’ (मेसनसोबत मेकचं काम करणारं साधन) घालून मोकळं होतं. तसं करू नका. सापडलेल्या प्रत्येक ओळीचं आधी वर्गीकरण करा.

आज पाळायच्या सूचना असतील त्या बदलायच्या. न्यूज, चेंजलॉग, जुन्या रिलीजच्या नोट्स हा इतिहास आहे, तो तसाच राहू द्यायचा. तिसरा गठ्ठा सर्वांत फसवा, शब्द तोच पण वस्तू वेगळी. ‘सर्व्हर कॉन्फिगर करा’ याचा ऑटोकॉन्फशी, म्हणजे ऑटोटूल्समधल्या कॉन्फिगर बनवणाऱ्या साधनाशी, संबंध नाही. आणि डॉक्स फोल्डरमधलं ‘मेक एचटीएमएल’ बहुतेक वेळा जिवंत असतं. स्फिंक्सचा (डॉक्सची पानं बनवणाऱ्या साधनाचा) क्विकस्टार्ट चालवला की तो स्वतःची एक मेकफाइल आणि विंडोजसाठी मेक.बॅट टाकतो. तिचा तुमच्या जुन्या बिल्ड सिस्टीमशी काडीचा संबंध नाही. डॉक्स सुधारायच्या मोहिमेत डॉक्सच बांधता येईनासे झालेले मी पाहिलेत, ते याच गठ्ठ्यामुळे.

इन्स्टॉल नावाची फाइल मुळाशी आहे का बघा. तीनशेहून जास्त ओळींची, अगदी सविस्तर, वाचताना कोणीतरी मन लावून लिहिल्यासारखी. ती तुमच्या टीमनं लिहिलेली नसते. ऑटोमेकला (हेही ऑटोटूल्सपैकीच) कमी असलेल्या फाइली भरायला सांगितलं की तो ही सर्वसाधारण फाइल आणून ठेवतो. जगभरच्या प्रोजेक्टांत तीच प्रत आहे. मेसन आल्यावर तिच्यातली एकही ओळ लागू पडत नाही, तरी ‘एवढी माहिती आहे, कशाला काढा’ म्हणून ती वर्षानुवर्षं राहते. काढा. बाहेरच्या लिंका तिच्याकडे येत असतील तर त्याच नावानं पाच ओळींची खरी फाइल ठेवा.

शेवटी कोडमधल्या मजकुरात शोधा. ‘एसएसएल नाही, --विथ-एसएसएल देऊन पुन्हा कॉन्फिगर करा’ असा एरर मेसेज सी फाइलमध्ये बसलेला असतो. तोही डॉक्सच आहे, आणि लोक तो रीडमीपेक्षा जास्त वाचतात. मॅनपेज आणि ‘--हेल्प’चा मजकूरही याच रांगेत.

रिपोबाहेर

ग्रेपला जे दिसत नाही ते. गिटहबचा विकी ही मुळात वेगळी गिट रिपो असते, ती वेगळी क्लोन करून शोधावी लागते. इश्यू टेम्प्लेटमध्ये ‘कॉन्फिग.लॉग जोडा’ असं लिहिलेलं असतं. मेसनमध्ये लॉगची जागा बिल्ड फोल्डरात मेसन-लॉग्स/मेसन-लॉग.टीएक्सटी अशी आहे. कॉन्फ्लुएन्सवरची पानं, ऑनबोर्डिंगची पीडीएफ, डॉकरच्या बेस इमेजवरची टिपणी, वगैरे.

पीडीएफचा विशेष त्रास. जुलैत फ्रेशर्सची बॅच येते, एचआर किंवा कोणी सीनियर व्हॉट्सअॅपवर मागच्या वर्षीची पीडीएफ फॉरवर्ड करतो, आणि तुमचं सगळं सुधारलेलं काम बाजूला राहतं. पीडीएफ सुधारून पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, जुनी फिरतच राहते. तिच्यातला बिल्डचा भाग काढून टाका आणि जागी फक्त रीडमीची लिंक ठेवा.

भाषांतरं असतील तर दोन प्रकार आहेत. पीओ फाइलींतून (मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर अशा जोड्यांच्या फाइली) होत असतील तर मूळ वाक्य बदलल्यावर जुळवताना ते भाषांतर ‘फझी’ होतं आणि त्या जागी इंग्रजी वाक्य दिसतं. वाईट दिसतं, पण चूक तरी सांगत नाही. मराठी किंवा हिंदी रीडमी स्वतंत्र फाइल म्हणून असेल, तर ती आवाज न करता जुनी राहते. दोन्ही फाइलींच्या शेवटच्या कमिटची तारीख बघा, कळेल.

डिफॉल्ट बदलले, कोणी सांगितलं नाही

संथ प्रोग्राम, गायब सोय, हरवलेली लायब्ररी यांचं उत्तर इथे आहे. आतापर्यंतचं काम शोधाशोधीचं होतं. इथून पुढे दोन्ही बिल्ड सिस्टीम समजणारा माणूस बसवावा लागतो, म्हणून हे इतक्या खाली. पण वेळ घालवायचा तर इथेच.

कमांडांचं जोडीदार कोष्टक सगळेच लिहितात: कॉन्फिगरऐवजी ‘मेसन सेटअप बिल्ड’, मेकऐवजी ‘निंजा -सी बिल्ड’, मेक चेकऐवजी ‘मेसन टेस्ट’, डिस्टचेकऐवजी ‘मेसन डिस्ट’. ते बरोबरच असतं. न सांगितलेल्या गोष्टींत घोळ होतो.

पहिली गोष्ट ऑप्टिमायझेशन. जीसीसी असेल आणि तुम्ही सीफ्लॅग्स दिले नसतील, तर ऑटोकॉन्फ आपण होऊन ‘-जी -ओ2’, म्हणजे ऑप्टिमायझेशन 2, घेतं. मेसनचा डिफॉल्ट बिल्डटाइप ‘डीबग’ आहे, म्हणजे ऑप्टिमायझेशन 0. प्रोजेक्टनं मेसन.बिल्डमध्ये वेगळा डिफॉल्ट ठरवला नसेल, तर डॉक्समधली कमांड जशीच्या तशी भाषांतर करून लिहिणारा माणूस सगळ्यांना डीबग बिल्ड वाटतोय. वापरणाऱ्यांसाठीच्या पानावर ‘--बिल्डटाइप=रिलीज’ किंवा ‘डीबगऑप्टिमाइझ्ड’ लिहिलेलं हवं. डेव्हलपरसाठीच्या पानावर डीबग ठीक आहे, पण तसं म्हणा.

दुसरी, स्टॅटिक लायब्ररी. लिबटूल (ऑटोटूल्समधलं लायब्ररी बांधणारं साधन) डिफॉल्टनं शेअर्ड (.एसओ) आणि स्टॅटिक (.ए) दोन्ही बांधायचं. मेसन फक्त शेअर्ड बांधतं. एम्बेडेडवाल्यांना .ए फाइल लागते आणि पुण्यात ते कमी नाहीत. त्यांच्यासाठी ‘डिफॉल्ट_लायब्ररी=बोथ’ ही ओळ डॉक्समध्ये हवी.

तिसरी, लायब्ररी जाते कुठे. ऑटोकॉन्फमध्ये प्रीफिक्सखाली (इन्स्टॉलच्या मूळ फोल्डरात) ‘लिब’. मेसन डिस्ट्रोची पद्धत बघतं: 64 बिटच्या फेडोरावर ‘लिब64’, डेबियन-उबंटूवर ‘लिब’च्या आत आर्किटेक्चरच्या नावाचं फोल्डर. होम फोल्डरात प्रीफिक्स देऊन काम करणाऱ्यांचा पीकेजी-कॉन्फिगचा (बसवलेल्या लायब्ररी शोधणाऱ्या साधनाचा) पाथ जुन्या ‘लिब’कडेच बघत राहतो आणि ‘पॅकेज सापडत नाही’ म्हणतो. पाथ बदला, नाहीतर ‘--लिबडिर=लिब’ द्या. कुठलंही एक, पण डॉक्समध्ये एकच.

आता पर्याय, म्हणजे ऑप्शन्स. जुन्या डॉक्समधला प्रत्येक ‘--एनेबल’ आणि ‘--विथ’ नव्या रूपात आणायचा नसतो. ऑटोकॉन्फला अनोळखी ‘--एनेबल’ पर्याय दिला तर ते इशारा छापून पुढे जातं, थांबत नाही. त्यामुळे डॉक्समध्ये असे पर्याय साठून राहतात जे कोडमधून कधीच गेलेत आणि लोक श्रद्धेनं देत आलेत. जुन्या टॅगवर जाऊन ‘./कॉन्फिगर --हेल्प’ची यादी काढा, नव्या बाजूला ‘मेसन कॉन्फिगर’ची यादी काढा, आणि शेजारी ठेवून बघा. जुन्या यादीतच नव्हता तो पर्याय डॉक्समधून सरळ काढा.

सोय गायब होण्याचं कारण बहुतेकदा ‘ऑटो’ असतं. मेसनच्या फीचर पर्यायाला तीन किमती: एनेबल्ड, डिसेबल्ड, ऑटो. ऑटो म्हणजे लायब्ररी मिळाली तर घे, नाही मिळाली तर गप्प सोड. एकाच्या मशीनवर ओपनएसएसएलची डेव्ह पॅकेजं असतात, दुसऱ्याच्या नसतात. दोघांचाही बिल्ड ‘यशस्वी’. ज्या सोयीवर ग्राहक अवलंबून आहे ती डॉक्समधल्या कमांडमध्ये स्पष्ट एनेबल्ड लिहा, म्हणजे पॅकेज नसेल तर सेटअपलाच अडेल आणि कारण कळेल.

आणखी एक आपल्या इकडचं. मेसन सबप्रोजेक्टसाठी (सोबत बांधायच्या दुसऱ्या लायब्ररींसाठी) रॅप फाइलींतल्या पत्त्यावरून सोर्स नेटवरून उतरवू शकतं. ऑटोटूल्स असलं काही करत नसे. क्लायंटच्या व्हीपीएनमध्ये बसलेल्या माणसाचं सेटअप तिथेच अडकतं आणि तो म्हणतो मेसनच खराब. लागणारी पॅकेजं आधी बसवायची यादी द्या आणि ‘--रॅप-मोड=नोडाउनलोड’चा उल्लेख करा.

काही काळ दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवायच्या असतील, तर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रोजेक्टनं केलं तसं करा. 2023 च्या 16 व्या व्हर्जनमध्ये त्यांनी मेसन आणलं, ऑटोकॉन्फ ठेवलं, आणि इन्स्टॉलेशनच्या प्रकरणात दोघांना स्वतंत्र विभाग दिले. एकाच परिच्छेदात ‘जुनं असेल तर हे, नवं असेल तर ते’ केलं की वाचणारा अर्ध्या कमांड इकडच्या आणि अर्ध्या तिकडच्या मारतो. विंडोजवरच्या जुन्या बिल्ड स्क्रिप्ट त्यांनी 2024 च्या 17 व्या व्हर्जनमध्ये काढल्या.

पायथनवाल्यांचं दुखणं याच जातीचं आहे. डिस्टयूटिल्स हे पायथनचं जुनं बिल्डचं साधन 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 3.12 मधून गेलं आणि नव्या व्हेन्वमध्ये (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) त्याच कामाचं सेटअपटूल्सही आपोआप येईनासं झालं. ‘पायथन सेटअप.पीवाय इन्स्टॉल’ शिकवणारी पानं अजून जागोजागी आहेत. तिथेही क्रम हाच.

कोऱ्या मशीनवर चालवून बघा

डॉक्स वाचून तपासता येत नाहीत, चालवूनच तपासावे लागतात. डॉकरवर (कोरी सिस्टीम कंटेनरमध्ये चालवणारं साधन) कोरं उबंटू 22.04 घ्या, सोर्स फोल्डर फक्त वाचण्यापुरतं जोडा आणि बिल्ड फोल्डर बाहेर ठेवा. मेसन सोर्स फोल्डरच्या मुळातच बिल्ड करू देत नाही, तेव्हा हे जमायलाच हवं. मग डॉक्समधल्या ओळी एकामागून एक चिकटवा. स्वतःचं ज्ञान वापरायचं नाही. ‘इथे अर्थातच अमुक हवं’ असं मनात आलं, तर ती ओळ डॉक्समध्ये नाही असा त्याचा अर्थ.

हमखास सापडणाऱ्या गोष्टी: कंपायलर आणि पीकेजी-कॉन्फिग बसवायची ओळ नसते, कारण प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ते आहे. निंजाच्या पॅकेजचं नाव उबंटूवर निंजा-बिल्ड आहे, नुसतं निंजा नाही. उबंटूच्या इमेजमध्ये सुडो नसतं, तेव्हा सुडोच्या ओळी अडतात. तो डॉक्सचा दोष नाही, तेवढं सोडून द्या.

मेसनचं व्हर्जनही इथेच पकडलं जातं. ‘मेसन कंपाइल’ ही कमांड 0.54 मध्ये आली. उबंटू 20.04 वर 0.53.2 मिळतं, म्हणजे तिथे ती नाहीच. ‘निंजा -सी बिल्ड’ मात्र दोन्हीकडे चालतं. 22.04 वर 0.61.2 आहे, आणि मेसन.ऑप्शन्स या नव्या नावाची फाइल 1.1 पासून ओळखली जाते, त्याआधीच्यांना मेसन_ऑप्शन्स.टीएक्सटीच लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये 20.04 अजून दिसतं. तुमच्याकडे इंटर्न येत असतील तर किमान व्हर्जन पहिल्याच परिच्छेदात लिहा, शेवटच्या टीपेत नको.

शक्य असेल तर हे काम प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या माणसाकडून करून घ्या आणि स्वतः शेजारी गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, पण तो कुठे थबकतो ते बघायचं असतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

हा बिघाड परत परत येतो कारण कोड चुकला की सीआय लाल होतं, डॉक्स चुकले की काहीच लाल होत नाही. उपाय त्याच जागी हवा.

बिल्डच्या कमांड एका लहान शेल स्क्रिप्टमध्ये ठेवा. सीआय तीच स्क्रिप्ट कोऱ्या इमेजवर चालवेल आणि डॉक्स तिच्यातल्याच ओळी उचलून दाखवतील. स्फिंक्समध्ये यासाठी लिटरलइन्क्लूड आहे. खुणेच्या दोन कॉमेंटच्या मधला भागच घ्यायची सोय त्यात आहे. मग डॉक्समधली कमांड आणि सीआयची कमांड वेगळ्या होऊच शकत नाहीत. रीडमीला असं उचलता येत नाही, म्हणून रीडमीत कमांड कमीत कमी ठेवा.

सोबत सीआयमध्ये एक ग्रेप लावा: डॉक्स फोल्डरात ऑटोजेन, ऑटोरीकॉन्फ किंवा ./कॉन्फिगर सापडलं की बिल्ड लाल. चेंजलॉग आणि मायग्रेशनची नोट यांना सूट. जुन्या ब्रँचवरून चेरी-पिक केलेला (तेवढाच उचलून आणलेला) डॉक्सचा पॅच जुनी ओळ परत घेऊन येतो, तो हाच ग्रेप पकडतो. पानांची नावं बदलली असतील तर रीडायरेक्ट टाका आणि स्फिंक्सचा लिंकचेक अधूनमधून चालवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

जुन्या पानावर पासवर्ड, टोकन किंवा आतल्या सर्व्हरची किल्ली सापडली, तर ओळ पुसून कमिट करू नका. गिटच्या इतिहासात ती राहतेच आणि तुमचा कमिट मेसेज उलट तिकडे बोट दाखवतो. सिक्युरिटी टीमला कळवा; आधी किल्ली बदलली जाऊ द्या, पुसणं नंतर.

ऑटोमोटिव्हचं काम असेल आणि ते कागद आयएसओ 26262 च्या फायलीत गेलेले असतील, तर एक शब्दही स्वतःहून बदलू नका. त्या मानकाचा आठवा भाग सॉफ्टवेअर टूलवर किती विश्वास ठेवायचा हे विचारतो आणि बिल्डचं टूल बदलणं हा त्यांच्या लेखी बदलच आहे. फंक्शनल सेफ्टी सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे द्या. करारानुसार क्लायंटला दिलेल्या मॅन्युअलचंही तसंच.

लायब्ररीचा सोनेम (.एसओ फाइलच्या आत लिहिलेलं, आकड्यासकट असलेलं तिचं नाव; प्रोग्राम लायब्ररी त्यावरूनच शोधतात) बदललेला दिसला तरीही थांबा. जुन्या आणि नव्या बिल्डची .एसओ फाइल ‘रीडएल्फ -डी’नं बघा. लिबटूलला करंट, रिव्हिजन, एज असे तीन आकडे द्यायचे असतात आणि लिनक्सवर सोनेमचा आकडा येतो करंट वजा एज. मायग्रेशन करणाऱ्यानं तो पहिला आकडा तसाच मेसनच्या एसओव्हर्जनला दिला असेल आणि एज शून्य नसेल, तर आकडा उगाच वाढतो आणि त्या लायब्ररीवर बांधलेले सगळे प्रोग्राम तुटतात. हे डॉक्समध्ये टीप लिहून मिटत नाही. रिलीज इंजिनियर आणि पॅकेज सांभाळणारे यांना आधी सांगा, त्यांचा निर्णय झाल्यावर पान लिहा.

एखादा जुना पर्याय काय करायचा हे कोणालाच माहीत नसेल, तर अंदाजानं नवा जोडीदार लिहू नका. ‘गिट ब्लेम’वरून तो आणणाऱ्या किंवा मायग्रेशन करणाऱ्या माणसाला शोधा, कंपनी सोडून गेला असेल तरी. पुण्यात बहुतेकदा तो खराडीहून बाणेरला गेलेला असतो आणि मेसेजला उत्तर देतो.

कोणालाही बोलवाल तेव्हा चार गोष्टी सोबत द्या: ज्या पानावरून गेलात त्याची लिंक, ‘गिट डिस्क्राइब’चं उत्तर, मेसनचं व्हर्जन, आणि कोऱ्या कंटेनरमधला पूर्ण मेसन-लॉग, स्क्रीनशॉट नव्हे. नाहीतर पहिला अर्धा दिवस तेच मागण्यात जातो.